चौदा तास कमी

तास ७५३

यंत्र लाल झालं.

बंदराच्या निरीक्षकबाईंनी ते कापसाने पुसलं आणि वेदिका डोर्लेकरच्या डाव्या दंडावर पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. मग खलाशांचा सारंग दिलावर परकार याच्या दंडावर. लाल. मग कॅप्टन रेगे, आचारी, इंजिनातली माणसं. जहाजावर बावीस माणसं, बावीस दंड. बावीसही वेळा लाल.

"लसीचा दुसरा डोस सहाशे अठ्ठावन्नाव्या तासाला दिलेला आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आमचा कायदा सहाशे बहात्तर मागतो."

"म्हणजे अठ्ठावीस दिवस. मी मोजून दिलेत. तीन मार्चला पहिला, एकतीसला दुसरा." वेदिकाने औषधाची नोंदवही उघडून समोर धरली. "बघा ना."

"वही तुमची आहे. दंडही तुमचाच आहे. दोघांचं पटत नसेल तर मी दंडाचं ऐकते."

वेदिका हसली. तिला वाटलं, यंत्र बिघडलंय. पंधरा सेकंदांनी तिचं हसू थांबलं, कारण तिला एक तारीख आठवली.

(वाचणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं: या गोष्टीत भागांच्या वर लिहिलेले आकडे पहिली लस टोचल्यापासूनचे तास आहेत. तिथे तारखा मुद्दामच दिलेल्या नाहीत. तारखांवर विसंबलं की काय होतं ते आता दिसेलच.)

तास ३३३

जहाजाच्या रोजनिशीतली नोंद, वेदिकाच्या हस्ताक्षरात, निळ्या शाईत:

*१६ मार्च. वारा ईशान्येकडून, मध्यम. समुद्र शांत. वाररेषा ओलांडली.*

*१७ मार्च. ही तारीख जहाजावर उगवली नाही.*

*१८ मार्च. वारा तोच.*

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तांब्याचं खनिज भरून आशियाकडे निघालेलं जहाज पॅसिफिकच्या मध्यावर एक दिवस गिळतं. पश्चिमेला जाताना दर दोन-तीन दिवसांनी घड्याळ तासभर मागे घ्यायचं, आणि वाररेषेवर अख्खा दिवस खोडून टाकायचा. शंभर वर्षांहून जुना रिवाज. तो पाळायचं काम सेकंड ऑफिसरचं. नकाशे त्याचे, घड्याळं त्याची. आणि कुणी कधी ठरवलं कोण जाणे, पण मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो म्हणून औषधाचं कपाटही त्याचंच.

या जहाजावर सेकंड ऑफिसर होती हर्णैची वेदिका डोर्लेकर, वय एकोणतीस. रोजनिशीत तिने सतरा तारीख खोडली. औषधाच्या वहीत तीन अधिक अठ्ठावीस बरोबर एकतीस केले. एका हाताने दिवस खोडला आणि दुसऱ्या हाताने तोच मोजला.

वाटेत घड्याळाने दहा तास परत दिले होते, वाररेषेने चोवीस घेतले. चोवीस वजा दहा. चौदा.

जमिनीवरच्या कुठल्याही नर्सकडून ही चूक झाली नसती.

दंडातलं घड्याळ

लस पोस्टाच्या तिकिटाएवढ्या कागदावर येते. कागदाला केसाहून बारीक अशा चारशे सुया असतात, साखरेच्या. दंडावर पाच मिनिटं दाबून धरला की सुया विरघळतात, लस आत जाते आणि मागे ठिपके राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, यंत्राच्या उजेडात दिसतात. खलाशी त्याला गोंदण म्हणत. सारंग म्हणायचा, "आमच्यात गोंदवीत नाहीत. पण हे अल्लालाच दिसतं, म्हणून चालतं."

ठिपके दोन जातींचे. एक जात पाच वर्षं सारखीच चमकते. दुसरी पहिल्या तासापासून फिकी होत जाते, ठरलेल्या वेगाने. दोघींच्या चमकेचं गुणोत्तर काढलं की टोचल्याला किती तास झाले ते कळतं. थंडी असो, ताप असो, दोन्ही जाती सारख्याच सोसतात, म्हणून गुणोत्तर ढळत नाही. खोटी प्रमाणपत्रं विकणाऱ्यांचा धंदा या ठिपक्यांनी दीड वर्षात बुडवला. ते चांगलंच झालं.

फक्त झालं असं, की माणसाच्या कातडीत एक घड्याळ बसलं आणि त्याला वाररेषा ठाऊक नव्हती.

आणि अठ्ठावीस दिवसच का? पहिल्या डोसानंतर रक्तातल्या आठवणीच्या पेशी शत्रूचा चेहरा घोटवत बसतात. त्यांना सवड द्यावी लागते. तीन आठवड्यांत त्या बऱ्यापैकी तयार होतात, चारात पक्क्या. कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, त्याने चारावर ओढली. रेघेच्या चौदा तास अलीकडे पेशी झोपलेल्या असतात आणि पलीकडे खडबडून उठतात, असं काही नसतं. हे कायदा लिहिणाऱ्यांनाही माहीत असतं.

सारंगाचा भूगोल

सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. दिलावर परकार, अंजनवेलचा, वय अठ्ठावन्न, चाळीस वर्षं समुद्रावर. त्याने जगातल्या देशांची नावं बदलून टाकली होती.

"एक कडकलक्ष्मी. हिच्याकडे लस घेतल्याशिवाय पाय ठेवायचा नाय. दरसाल नवे दोन डोस, गोंदणासकट. कमी पडला तर चाबूक.

"दुसरा मोजूनमापून. त्याच्याकडे पण लस पायजेच, पण वर्षात तीनाच्या वर डोस दिसले की आत घेत नाय. म्हणतो, शरीराची नासधूस केली.

"तिसरा मर्जीवाला. घ्या नायतर घेऊ नका. पण तुमचा दंड तपासला तर तपासणाराच तुरुंगात.

"चौथा झेंडेवाला. आपल्या जहाजाची नोंदणी त्याच्याकडे, म्हणून झेंडा त्याचा. कायदाच नाय. त्या देशात आपल्यातला कोण गेला नाय, जहाज पण गेलेलं नाय.

"आणि पाचवं आपलं घर. हात जोडून सांगतात, दारात येऊन टोचतात. नाय म्हटलं तर चहा पिऊन जातात आणि उद्या परत येतात."

"यातलं बरोबर कोण, चाचा?" वेदिकाने एकदा विचारलं होतं.

"रोग सगळीकडे एकच. आता तूच ठरव."

तास ६५८

तिने बावीस कागद लावले. बंदर दुसऱ्या दिवशी लागणार होतं आणि दोन्ही डोस आधी झालेले हवेत, असा कडकलक्ष्मीचा नियम. (पुढे धक्का रिकामा नाही म्हणून जहाज तीन दिवस नांगरावर पडून राहिलं, ते वेगळं.)

शेवटचा कागद तिने स्वतःला लावला. लसीवर तिचा विश्वास होता, आणि तो पुस्तकातून आलेला नव्हता. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जहाजावर थरताप शिरला होता. ताप चढतो, उतरतो, माणूस उठून जेवायला बसतो, आणि तो परत चढतो, आधीच्याहून एक थर वर. तीन बंदरांनी त्या जहाजाला आत घेतलं नाही. चौघांना तिने स्वतः कॅनव्हासमध्ये शिवून समुद्रात सोडलं. लस निघाली तेव्हा पहिला कागद दंडावर लावून ती अर्धा तास तशीच बसून राहिली होती. पाच मिनिटं पुरतात हे माहीत असून.

त्या संध्याकाळी सारंगाच्या छातीत दुखू लागलं.

कपाटातल्या यंत्राने हृदयाचा आलेख काढून तिने तो उपग्रहावरून मुंबईच्या डॉक्टरांना पाठवला. हृदयाच्या आवरणाला सूज. लसीने लाखात एखाद्याला येते, विश्रांतीने उतरते. डॉक्टरांनी शेवटचं वाक्य दोनदा सांगितलं: या माणसाला पुढचे सहा महिने ही लस पुन्हा द्यायची नाही.

तास ७५४

"कायदा त्यांचा, धक्का त्यांचा," कॅप्टन रेगे म्हणाले. "दुसरा डोस अवैध म्हणजे अपूर्ण. अपूर्ण म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. आज एक घेतला की उतरू देतात, अठ्ठावीस दिवसांनी दुसरा. घेऊन टाकू. विषय संपला, सेकंड."

"मग प्रत्येकाचे चार होतील, सर. मोजूनमापून आपल्याला वर्षभर आत घेणार नाही."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"आणि सारंग?"

कॅप्टननी चष्मा काढला. गोरेगावचा हा सज्जन माणूस कधी कुणावर ओरडला नव्हता, आणि त्यामुळेच त्याच्याशी भांडणं अवघड होतं. "मी बाईंना विचारलं. डॉक्टरची चिठ्ठी त्यांच्याच देशातल्या डॉक्टरची हवी. आणि तो डॉक्टर बंदरात बसतो. बंदरात जायला लस हवी."

"वा!"

"मी यंत्राचा बिघाड म्हणून लिहितो. तुझ्यावर काही येणार नाही. सारंगाला सुई देताना त्यांची नर्स हजर राहील, ऑक्सिजन असेल. एवढं मिळवलंय मी."

वेदिकाने टेबलावरची कायद्याची पुस्तिका ओढली. कॅप्टन बोलत होते तेवढ्यात ती नवव्या कलमापर्यंत पोचली.

"सर, हे वाचलंत? ‘टोचणाऱ्याच्या चुकीमुळे ज्यांचा डोस अवैध ठरला, ते बाधित. बाधितांना पुन्हा लस नाकारता येईल. त्यांनी किनाऱ्यावर उतरू नये, मात्र जहाजाने धक्क्याला लागून काम करण्यास हरकत नाही. टोचणाऱ्याने चूक लेखी मान्य केलेली असावी.’"

"वाचलंय."

"मग बोलला नाहीत?"

"कारण त्याच्या पुढचं पण वाचलंय." कॅप्टननी चष्मा परत घातला. "टोचणारा किनाऱ्यावर नेला जातो, चौकशी होते, नाव सामायिक यादीत जातं. साठ बंदरं ती यादी वाचतात. सेकंड ऑफिसर म्हटला की औषधाचं कपाट आलं. ज्याच्या नावावर चुकीचं टोचल्याचा शिक्का, त्याला कुठली कंपनी घेईल? पुढच्या वर्षी तुझी चीफ मेटच्या बढतीची परीक्षा आहे. आठ वर्षं घातलीस तू या समुद्रात, वेदिका."

तिला नावाने त्यांनी पहिल्यांदाच हाक मारली होती.

"एक सांगा सर. त्यांना आपलं रक्त तपासता येत नाही का? लस लागली की नाही ते रक्तात सरळ दिसतं. पंधरा मिनिटांचं काम."

"येतं. पण कायद्यात रक्ताचा रकाना नाही. ठिपक्यांचा आहे."

तास ७५५

सारंग पुढच्या डेकवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता. त्याला विश्रांती सांगितली होती म्हणून तो बसून दोर विणत होता.

"ऐकलं सगळं," तो म्हणाला. "जहाज पत्र्याचं हाय. माझ्यासाठी काय करू नको गो बाय. देऊ दे तिसरी."

"आणि काही झालं तर?"

"समुद्र हाय की खाली."

"चाचा, पुन्हा असं बोललात तर मीच ढकलेन."

"ढकल. सुईपेक्षा बरं."

दोघंही हसले. मग सारंगाने दोर खाली ठेवला. "माझी नोकरीची तीन वर्सं उरली. तुझी तीस. हिशेब कर."

"मी हिशेब केला की काय होतं ते बघितलंत ना आत्ताच?"

"मस्करी नको."

"मस्करी नाही. दिवस मी चुकवला. चूक माझी, ती माझी मलाच लिहू दे. तुमच्यासाठी कोण करतंय?"

"हट्टी. हर्णैची सगळी माणसं अशीच."

"आणि अंजनवेलची?"

"आमची गप ऐकतात."

"दिसतंय ते."

ती वळली तेव्हा तो पाठमोऱ्या तिला म्हणाला, "लिवशील ते नीट लिव. नायतर आपलीच मान त्यांच्या हातात देशील."

तास ७५६: अर्ज क्रमांक नऊ

*नाव:* वेदिका रमाकांत डोर्लेकर.

*जहाजावरील पद:* सेकंड ऑफिसर.

*चुकीचं स्वरूप:* दोन डोसांतलं अंतर मी जहाजाच्या तारखेने मोजलं. वाररेषेवर गेलेला दिवस वजा केला नाही. चौदा तास कमी पडले.

*बाधितांची संख्या:* एकवीस.

*मी मान्य करते की मी दिलेला दुसरा डोस* ~~शून्य आहे~~

"हे काय?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"खोडलंय."

"छापील वाक्य खोडता येत नाही."

"छापील वाक्य खोटं असेल तरी?"

निरीक्षकबाई पन्नाशीच्या, सडपातळ, पाठ ताठ. सकाळपासून जहाजाचे एकशे चाळीस पायऱ्यांचे जिने चढून-उतरून त्यांच्या पायात गोळे आले असावेत, पण त्यांनी खुर्ची घेतली नव्हती. "कायद्यासमोर तो डोस नाहीच," त्या म्हणाल्या. "शून्यच आहे."

"चौदा तास कमी आहे. सहाशे बहात्तरातून चौदा गेले तर शून्य उरत नाही. एवढं गणित मला येतं, वाररेषेवर सोडून." वेदिकाचा आवाज चढला, तिने तो उतरू दिला नाही. "मी चूक लिहिलीय. ठळक लिहिलीय. हवं तर मोठ्या अक्षरांत लिहिते. पण या बावीस माणसांच्या अंगात काहीच नाही असं मी लिहिणार नाही. त्यातला एक त्या ‘काहीच नाही’मुळे तीन दिवस छाती धरून पडला होता."

"मग हा कबुलीजबाब अपुरा आहे. एकवीसही जणांना आज लस घ्यावी लागेल."

"कलम नऊ वाचा."

"मला पाठ आहे."

"मग म्हणून दाखवा. ‘चूक लेखी मान्य केलेली असावी.’ त्यात शून्य कुठे आहे?"

निरीक्षकबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, मनातल्या मनात कलम म्हणत असल्यासारखे. शेवटापर्यंत पोचून त्यांनी परत पहिल्यापासून म्हटलं. मग पुस्तिका मागितली.

कॅप्टन रेगे खिडकीतून बाहेर बघत होते.

"हा अर्ज कार्यालयाने तयार केलेला आहे," शेवटी निरीक्षकबाई हळूच म्हणाल्या. "कायद्याने नाही."

"मग?"

त्यांनी शिक्का काढला आणि खोडलेल्या शब्दांच्या शेजारी, जरा जोरातच, मारला.

तास ७५७

एकवीस माणसांना एकेक करून विचारलं. घेणार की नाकारणार?

पहिला सारंग. "नकार," तो म्हणाला, आणि सही करताना प्रत्येक अक्षर वेगळं काढलं.

कॅप्टननी बाही वर केली. "मला कागदपत्रांसाठी उतरावंच लागतं," ते वेदिकाकडे न बघता म्हणाले. आचाऱ्याने घेतली, त्याला भाजी स्वतः पाहून घ्यायची होती. इंजिनातल्या एका पोराने घेतली. सव्वा महिना जमिनीवर पाय न ठेवल्याने त्याला वेड लागायची पाळी आली होती. आणखी तिघांनी घेतली. पंधरा जणांनी नाकारली.

वेदिकाला आधी वाटलं होतं की सगळ्यांनी नाकारावी. सहाव्या बाहीपर्यंत तिला स्वतःचीच लाज वाटली. विचारलं जावं यासाठी तर भांडली होती ती. उत्तर त्यांचं होतं.

बाकी होती ती स्वतः. टोचणारा बाधित नसतो. टोचणाऱ्याला नकार देता येत नाही.

"तुमची लस किनाऱ्यावर," निरीक्षकबाई म्हणाल्या. "बॅग घ्या."

खालच्या लाँचमध्ये उतरायच्या शिडीपाशी सारंग उभा होता. शिडी दुसऱ्याला धरू द्यायला तो तयार नव्हता, डॉक्टर काहीही म्हणोत.

"आठ वर्सं," तो म्हणाला.

"आठ वर्षं, तीन महिने. तारखेने मोजलेत, चूकभूल द्यावी-घ्यावी."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांसमोर. खलाशांचा सारंग ऑफिसरच्या डोक्यावर हात ठेवत नाही.

तास ७५९

बंदराच्या आरोग्य कार्यालयात पांढरा उजेड. एक लांब टेबल. तरुण नर्सने कागद पाकिटातून काढून तयार ठेवला होता.

"डावा हात," ती म्हणाली.

वेदिकाने बाहीचं बटण लावून घेतलं आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. "आधी रक्त."

नर्सने निरीक्षकबाईंकडे पाहिलं.

"रक्ताची तरतूद नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या.

"मनाई आहे?"

निरीक्षकबाईंनी नोंदींचा तक्ता समोर ओढला.

"मी लसीला नाही म्हणत नाही," वेदिका म्हणाली. "मी बावीस जणांना दिलीय. तुम्ही माझं नाव यादीत घाला, चौकशी करा, लायसन्स काढून घ्या. पण मला सुई लावण्याआधी माझ्या अंगात काय आहे ते बघा. नसेल तर एक सोडून दोन टोचा, हा दंड इथेच आहे. असेल तर तसं लिहा."

"कुठे लिहू? रकाना नाही."

"मग आखा."

"याने तुमचं काही वाचणार नाही."

"माझं गेलंय, बाई. मला माहीत आहे. तुमच्या बंदरात रोज किती जहाजं येतात?"

"चाळीस."

"वाररेषा ओलांडून किती?"

निरीक्षकबाई खुर्चीत बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच. पायांतले बूट त्यांनी टेबलाखाली सैल केले, आणि समोरच्या छापील तक्त्याच्या रकान्यांवरून बोट फिरवलं. नाव, जहाज, ठिपके, तास, निर्णय. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते सांगता येणार नाही. कदाचित त्या याआधी लाल झालेले दंड आठवत असाव्यात.

मग त्यांनी खणातून लाकडी पट्टी काढली आणि तक्त्याच्या उजव्या कडेला, जिथे कोरी जागा होती, तिथे वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. रेघ किंचित तिरकी गेली.

"वर काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"रक्त."

त्यांनी लिहिलं.

नर्सने लस बाजूला सारली आणि ड्रॉवरमधून टोचणी काढली. वेदिकाने बोट पुढे केलं.